नवरा आखातात, सही कुणाची?

परदेशी कामाला गेलेल्या आपल्या बांधवांविषयी बोलताना आपण दिरहमचा आणि रियालचा हिशोब करतो. कुणी किती पाठविले, कुणाचे घर बांधून झाले, कुणाची मुलगी त्या पैशावर नर्सिंग शिकली, याची चर्चा विहारातही होते आणि लग्नाच्या मांडवातही होते. ती व्हायलाच हवी, कारण तो घामाचा पैसा आहे. पण त्याच घरातील बाई एके दिवशी पडली, तिचे हाड मोडले आणि नवरा समुद्रापलीकडे असला, तर त्या घरावर काय गुदरते याची चर्चा कुणी करीत नाही. ती आज आम्हांला करायची आहे. कारण या प्रसंगात जे हाल होतात ते नशिबाने होत नाहीत. ते कागदाने होतात, कायद्याच्या अज्ञानाने होतात आणि बाईला स्वतंत्र माणूस न समजणाऱ्या जुन्या रिवाजाने होतात.

कोकणातून, मुंबईच्या वस्त्यांतून, मराठवाड्यातून आयटीआय झालेली आपली पोरे वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन म्हणून दुबई, दोहा, दम्मामला जातात. ती एकटीच जातात. संयुक्त अरब अमिरातीत बायको-मुलांना सोबत ठेवायचे तर किमान ४ हजार दिरहम पगार लागतो, किंवा मालकाने राहायला जागा दिली असेल तर ३ हजार. कॅम्पात एका खोलीत सहा-आठ जणांबरोबर राहणाऱ्या कामगाराला तो कुठून मिळणार? म्हणजे संसाराचे दोन तुकडे होतात ते हौसेने नव्हे. एक तुकडा तिकडे कमावतो, दुसरा इकडे सासू-सासरे, पोरे, शाळा, बँक आणि रेशन सांभाळतो. हा दुसरा तुकडा जायबंदी झाला की दोन्ही थांबतात.

आम्ही स्वतः आखातात एका बांधकामावर फोरमन होतो. आमच्या सहचारिणी इकडे अंगणवाडी सेविका. जुलैचा महिना, पाऊस लागलेला. अंगणवाडीतून परतताना गटारावरच्या फरशीवरून त्यांचा पाय सरकला आणि नडगीचे हाड मोडले. वस्तीतल्या बायकांनी रिक्षात घालून जवळच्या खाजगी रुग्णालयात नेले. आम्हांला फोन त्यांनीच केला. "तुम्ही घाबरू नका. पाय मोडलाय, बाकी मी शुद्धीवर आहे," असे म्हणाल्या. बचत गटाने तासाभरात अनामत रकमेपुरते पैसे उभे केले. डॉक्टरांनी प्लेट बसवावी लागेल असे सांगितले. इथपर्यंत सारे सुरळीत होते. अडले ते काउंटरवर.

"मिस्टरांना बोलवा. ऑपरेशनच्या फॉर्मवर त्यांची सही लागते."

"मिस्टर दुबईत आहेत. मला सही येते. द्या पेन."

"तुमची नाही चालत मॅडम. जबाबदार माणसाची लागते."

आम्ही फोनवरून बोललो, तोंड दाखवले, संमती आहे म्हणून सांगितले. फोनवरची सही धरता येत नाही, असे उत्तर मिळाले. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आमचा पुतण्या आला. वय वर्षे एकोणीस, कॉलेजात शिकणारा. त्याने सही केली आणि ऑपरेशन झाले. रात्रभर त्या माऊलीने मोडलेला पाय उशीवर ठेवून कळा काढल्या. वीस वर्षे ही बाई वस्तीतल्या पोरांच्या वजनाच्या, लसीकरणाच्या, पोषण आहाराच्या नोंदवह्यांवर सही करते. सरकारला ती सही चालते. तिच्या स्वतःच्या पायासाठी मात्र ती चालली नाही. जिला आम्ही 'जबाबदार' मानून सारे घर सोपवून गेलो होतो, ती रुग्णालयाच्या लेखी जबाबदार नव्हती आणि काल-परवा मिसरूड फुटलेला पोरगा जबाबदार होता!

हा कायदा आहे काय? मुळीच नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सज्ञान आणि शुद्धीवर असलेली प्रत्येक व्यक्ती स्वतःचा करार स्वतः करू शकते. त्यात स्त्री-पुरुष नाही, विवाहित-अविवाहित नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. एका प्रौढ स्त्रीला तपासणीसाठी भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती. न्यायालयाने सांगितले की जीवाला तातडीचा धोका नव्हता, रुग्ण सज्ञान होती, तेव्हा संमती तिचीच हवी होती. आईची संमती चालणार नाही. जिथे जन्मदात्या आईची सही चालत नाही, तिथे नवऱ्याची, दिराची, पुतण्याची कशी चालेल? गर्भपातासारख्या प्रश्नावरसुद्धा १९७१ चा कायदा सज्ञान स्त्रीची एकटीचीच संमती मागतो, नवऱ्याची मागत नाही.

मग रुग्णालये सही मागतात कशाच्या बळावर? डॉक्टरांच्या वर्तनाविषयीचे जे नियम २००२ साली आले, त्यात शस्त्रक्रियेआधी पती किंवा पत्नीची, अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची, किंवा प्रसंगानुसार खुद्द रुग्णाची लेखी संमती घ्यावी, अशा अर्थाचे कलम आहे. त्यातला 'पती' एवढा शब्द काउंटरवाल्याने पाठ केला आणि 'खुद्द रुग्ण' हा शब्द गाळला. शिवाय नवऱ्याची सही घेण्यामागे बिलाची हमी हा खरा मतलब असतो. पैशाची हमी वेगळी आणि शरीरावरच्या उपचाराची संमती वेगळी. दोन्ही एकाच फॉर्मात कोंबून बाईला गप्प केले जाते.

उलट बाजू पाहा. आपल्या कितीतरी मुली आज परदेशात परिचारिका आहेत. त्यांचा नवरा इकडे परांचीवरून पडला आणि रुग्णालयात गेला, तर त्याला कुणी म्हणत नाही की "मिसेसना बोलवा, त्यांच्या सहीशिवाय ऑपरेशन होणार नाही." तो शुद्धीवर असला की त्याच्याच हातात पेन दिले जाते. म्हणजे अडचण माणूस परदेशात असण्याची नाही. अडचण रुग्ण बाई असण्याची आहे. स्त्रीला मालमत्तेत, विवाहात, घटस्फोटात स्वतःचा हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणले आणि ते रखडवले गेले, हे एक कारण सांगून सप्टेंबर १९५१ मध्ये कायदेमंत्रिपदावर लाथ मारली. त्या बाबासाहेबांचा फोटो ज्या घरात आहे, त्या घरातील बाईने स्वतःच्या हाडासाठी पुरुषाची वाट पाहावी काय?

आता तिकडची बाजू. बायकोचा पाय मोडला म्हणून रजा मिळते, असे ज्यांना वाटते त्यांनी तिकडचा कायदा वाचावा. अमिरातीचा २०२१ चा कामगार कायदा जोडीदाराच्या मृत्यूसाठी पाच दिवसांची पगारी रजा देतो. जोडीदार जखमी झाला तर अशी वेगळी रजा देत नाही. वर्ष भरल्यावर मिळणाऱ्या तीस दिवसांच्या वार्षिक रजेतूनच ते दिवस मागावे लागतात आणि ती कधी द्यायची हे बहुधा मालक ठरवतो. आम्ही मागितली तेव्हा आधी रिपोर्ट आणा म्हणाले, मग बदली माणूस येऊ द्या म्हणाले, मग पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात आहे, किल्लीवाला सुटीवर आहे म्हणाले. नवव्या दिवशी आम्ही विमानात बसलो.

पासपोर्ट कुणाचा असतो? १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाने तो अडकवून ठेवायचा नसतो आणि अमिरातीच्या कायद्यातही कामगाराची अधिकृत कागदपत्रे अडकवण्यास मनाई आहे. कतारने २०१८ साली बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट काढली आणि २०२० साली घरकामगारांनाही त्यातून मोकळे केले. सौदी अरेबियानेही २०२१ पासून बऱ्याच कामगारांना मालकाच्या परवानगीविना जाण्या-येण्याचा व्हिसा घेण्याची सोय केली. कायदे बदलले आहेत, परंतु कॅम्पातल्या माणसापर्यंत ते पोहोचत नाहीत. मालक अडवू लागला तर भारतीय दूतावासात आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या तक्रार व्यवस्थेत, जी २०१५ पासून चालू आहे, लेखी तक्रार करावी. तोंडी विनवण्यांची नोंद राहत नाही.

पैशाचेही असेच आहे. आमच्या सहचारिणींचे खाते त्यांच्या नावाचे होते, म्हणून औषध अडले नाही. पण आमच्याच कॅम्पातील एका बांधवाचे सारे पैसे अनिवासी खात्यात. बायको इकडे अपघातात सापडली आणि खात्यात लाख रुपये असताना तिने कानातले गहाण टाकले. अनिवासी खात्यात बायकोचे नाव जोडले तरी नवरा हयात असेपर्यंत तिला ते आपणहून चालवता येत नाही. त्यासाठी बँकेत तिच्या नावे अधिकारपत्र द्यावे लागते. हे काम परदेशी जाण्याआधी एका दुपारात होते.

जिथे परदेशी जाण्याची सरकारी मंजुरी लागते, त्या कामगारांना प्रवासी भारतीय बिमा योजना सक्तीची आहे. हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये. मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचे संरक्षण. कुटुंबाच्या भारतातील रुग्णालय खर्चासाठीही तीत ५० हजारांपर्यंतची तरतूद आहे. ती कोणत्या अटींवर मिळते हे पॉलिसीच्या कागदावर वाचावे आणि त्याची प्रत घरी ठेवावी. एजंटच्या फाईलीत राहिलेला विमा घरच्यांच्या उपयोगाचा नाही. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ च्या निर्णयाने तिचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेले आहे. पण ती ठराविक रुग्णालयांत आणि ठराविक उपचारांनाच लागू होते आणि तिला रेशनकार्ड लागते. आपल्या भागातले कोणते रुग्णालय त्या यादीत आहे, हे हाड मोडल्यावर शोधायचे नसते. २०१५ ची २ लाखांची सुरक्षा बिमा योजना बँकेत वर्षाला २० रुपयांत मिळते, ती जरूर घ्यावी. मात्र ती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरती आहे. मोडलेल्या पायाचा खर्च तीतून निघत नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळत होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल त्याच काळात, १९४४ साली आला आणि त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. त्या कायद्याखालील कामगाराच्या बायकोलाही उपचार मिळतात. आपला माणूस ती नोकरी सोडून विमानात बसला की हे छत्र त्याच्या घरावरून निघून जाते. परदेशातून येणारा पैसा देशाला हवा, मग मागे राहिलेल्या घराला असे छत्र द्यायला सरकारचे काय जाते? ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

इथे कुणी रमाईंचे उदाहरण देईल. बाबासाहेब १९२० ते १९२३ लंडनमध्ये शिकत होते आणि रमाई मुंबईत दारिद्र्याशी झुंजत घर सांभाळीत होत्या. त्या काळी पत्र बोटीने जात असे, उत्तर यायला आठवडे लागत. त्यांच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्या त्यागाची गाणी गाऊन आजच्या बाईला "तूही सोस" म्हणणे हा त्यांचा मान नव्हे. रमाईंनी सोसले ते पुढच्या बायकांना सोसावे लागू नये म्हणूनच.

तेव्हा समाजबांधवांनो, भगिनींनो, आमचे म्हणणे एवढेच आहे. ज्या घरातून कुणी परदेशी निघाले आहे, त्या घरी निरोप समारंभाआधी कागदांची बैठक घ्या. बाईच्या नावाचे खाते, बँकेतील अधिकारपत्र, रेशनकार्ड, विम्याच्या कागदाची प्रत, कंपनीचा पत्ता आणि फोन, दूतावासाचा फोन, सारे एका पिशवीत घालून ती पिशवी तिच्या हाती द्या. प्रत्येक महिला मंडळाने दोन-तीन भगिनींना रुग्णालयाचे काम शिकवून तयार ठेवा. आमच्या घरी नऊ दिवस पाळी लावून स्वयंपाक करणाऱ्या, वॉकर धरून चालवणाऱ्या मंडळाच्याच बायका होत्या. आपल्या वकील मंडळींनी २००८ च्या त्या निकालाचा एक पानी मराठी सारांश करून विहाराच्या फलकावर लावावा. काउंटरवरचा माणूस "मिस्टर कुठे आहेत" म्हणाला तर घाबरू नका. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, सही ती करेल, असे सांगा. नकार आला तर तो लेखी मागा. आणि जीव धोक्यात असेल तर कुणाच्याही सहीसाठी, पोलीस येण्यासाठी उपचार थांबवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलेले आहे.

जो परदेशी आहे त्याचे मन तिकडे थाऱ्यावर राहात नाही, हे आम्ही भोगले आहे. बंकवर पडून छताकडे पाहात काढलेल्या रात्री आम्हांला ठाऊक आहेत. त्या रात्री आमची बायको एकटी आहे ही चिंता तेवढी नव्हती. वस्ती तिच्याजवळ होती. ती शुद्धीवर, शहाणी, सज्ञान असूनही तिचे कुणी ऐकत नाही, हे मात्र आतून कुरतडत होते. ती चिंता पुढच्या माणसाच्या वाट्याला येऊ नये, एवढी सोय आपण संघटितपणे करू शकतो. पेन बाईच्या हाती द्या. तो तिचा कायदेशीर हक्क आहे.