पेट्रोल कोणत्या कंपनीचं, की कोणत्या पंपावरचं?

गाडीवाल्यांची पेट्रोलच्या कंपनीवरची श्रद्धा सहसा वडिलांकडून किंवा मेकॅनिककडून आलेली असते. एकाला इंडियन ऑइलनेच ॲव्हरेज मिळतं, दुसऱ्याला भारत पेट्रोलियमशिवाय पिकअप लागत नाही, आणि तिसरा शेलचा पंप दिसेपर्यंत रिझर्व्हवर गाडी रेटत राहतो. तिघेही अनुभवाने बोलत असतात, त्यामुळे वाद मिटत नाही. पण पेट्रोल पंपापर्यंत येतं कसं, हे पाहिलं की या वादातली हवा बरीचशी निघून जाते.

महाराष्ट्रात रिफायनऱ्या दोनच, आणि दोन्ही मुंबईत माहुलला, एकमेकींच्या शेजारी. एक भारत पेट्रोलियमची, दुसरी हिंदुस्तान पेट्रोलियमची. इंडियन ऑइलची राज्यात एकही रिफायनरी नाही. शेलची तर भारतातच नाही. तरी त्यांचे पंप चालतात, कारण कंपन्या एकमेकींकडून माल घेतात आणि देतात. इंडियन ऑइलच्या गुजरातमधल्या कोयली रिफायनरीचं पेट्रोल मुंबईला आणायचं आणि माहुलचं गुजरातला न्यायचं, असला उलटा खर्च कोण करेल? जिथे ज्याची रिफायनरी जवळ, तिथून सगळ्यांनी उचलायचं, हा साधा व्यवहार आहे. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळच्या पानेवाडीला गेलात तर इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिघांचे डेपो एकाच परिसरात दिसतील. जानेवारी २०२४मध्ये टँकरचालकांनी संप केला आणि पानेवाडीतून गाड्या निघेनात, तेव्हा उत्तर महाराष्ट्रात एकाच कंपनीच्या पंपांवर रांगा लागल्या नव्हत्या. सगळ्यांच्याच लागल्या होत्या.

ही देवाणघेवाण जमते, कारण साध्या पेट्रोलचं मानक सगळ्यांना एकच आहे. भारतीय मानक ब्युरोच्या मानकात ऑक्टेन किती हवं, गंधक किती चालेल, बेंझिन किती, घनता किती ते किती, हे सगळं ठरलेलं आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झालं आणि गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली, तीही सरसकट सगळ्या कंपन्यांसाठी.

मग कंपनी-कंपनीत फरक नाहीच का? आहे, पण तो थेंबांचा आहे. इंजिनात साचणारा कार्बन धुऊन काढणारी रसायनं, म्हणजे ॲडिटिव्ह, डेपोवर टँकर भरताना पेट्रोलमध्ये सोडली जातात. कंपनीची स्वतःची अशी ओळख पेट्रोलला मिळते ती या टप्प्यावर. जिओ-बीपीसारखी कंपनी आपल्या साध्या इंधनातही ॲडिटिव्ह असल्याचं सांगते. सरकारी कंपन्या त्यांचा गाजावाजा मुख्यतः महागड्या पेट्रोलसाठी करतात. ही रसायनं म्हणजे नुसती जाहिरात नव्हे. अमेरिकेत बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी २००४ मध्ये ‘टॉप टिअर’ नावाचा, सरकारी किमान अटीपेक्षा कडक असा दर्जा आणला. तिथल्या ट्रिपल ए या वाहनधारकांच्या संघटनेने २०१६ मध्ये चाचणी घेतली. सुमारे ४,००० मैल चालवण्याइतक्या वापरानंतर, टॉप टिअर नसलेल्या पेट्रोलने इंजेक्टर, व्हॉल्व्ह आणि दहनकक्षात मिळून १९ पट जास्त थर साचवला होता.

म्हणजे ब्रँडवाले अगदीच चूक नाहीत. मात्र हा परिणाम हजारो किलोमीटरनंतर दिसणारा आहे. कालच टाकी भरली आणि आज गाडी हलकी झाली, यात त्याचा वाटा नाही. शिवाय अनेक नव्या टर्बो गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. अशा इंजिनात इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही, मग ॲडिटिव्ह कितीही चांगलं असो, तिथला कार्बन ते धुणार कसं?

‘महागडं पेट्रोल टाका, पिकअप वाढेल’

पंपावरचा मुलगा अदबीने विचारतो, “साधं की प्रीमियम?” आणि मागे चकचकीत बाइकवाला उभा असला की ‘साधं’ म्हणायला लाज वाटते. एक्सपी ९५, स्पीड, पॉवर अशी नावंही जोरकस. लिटरमागे जास्त पैसे घेणाऱ्या यातल्या बऱ्याच पेट्रोलांचा दावा असतो तो जास्त ऑक्टेनचा. बीएस-६ च्या मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ ठरलेलं होतं, प्रीमियमला ९५. इंडियन ऑइलने २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० ही आणलं.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं आणि दाबलं की तापतं. ठिणगी पडून ज्योत पसरत असताना उरलेलं मिश्रण दाबाने आपणहून भडकलं, तर आतून टकटक आवाज येतो. चढावर, जास्त गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की तो ऐकू येतो. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. तसं न भडकता ठिणगीची वाट पाहण्याची पेट्रोलची क्षमता ऑक्टेनचा आकडा सांगतो. आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरून ही पट्टी बनली आहे. एकेकाळी हा आकडा वाढवायला पेट्रोलमध्ये शिसं घालत. ही युक्ती १९२१ मध्ये अमेरिकेत सापडली आणि शिशाचं विष जगभरच्या फुप्फुसांत गेलं. भारतात ते फेब्रुवारी २००० पासून पूर्ण बंद झालं.

आता ज्या इंजिनाची रचनाच ९१ साठी आहे, ते ९१ वर नॉकिंग करतच नाही. त्याला ९५ देऊन न होणारी गोष्ट आणखी कशी टळणार? ट्रिपल एच्याच चाचण्यांत साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांना प्रीमियमने ठळक फायदा झाला नाही. जास्त दाबाची किंवा टर्बो इंजिनं मात्र वेगळी. त्यांत नॉक सेन्सर असतो. कमी ऑक्टेन मिळालं की संगणक ठिणगी उशिरा पाडतो, इंजिन वाचतं पण जोर कमी होतो. अशा गाडीच्या पुस्तिकेत ९५ लिहिलं असेल तर ९५ च टाकावं. गाडीबरोबर आलेली ती पुस्तिका बहुतेकांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये विम्याच्या कागदाखाली कोरी करकरीत पडलेली असते. या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर तिच्यात फुकट छापलेलं आहे.

‘या कंपनीच्या पेट्रोलने ॲव्हरेज पडलं’

ॲव्हरेज खरंच पडलं असेल, पण आळ चुकीच्या माणसावर जातो आहे. गेल्या काही वर्षांत पेट्रोलमध्ये झालेला सर्वांत मोठा बदल इथेनॉलचा आहे, आणि तो सगळ्या कंपन्यांत सारखा आहे. २० टक्के मिश्रणाचं २०३० चं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ वर आणलं गेलं. यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाच्या पट्ट्यातल्या डिस्टिलऱ्यांतून निघतं. इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त, पण लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आकडे आहेत: इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल, तशाच दुचाकींचं ३ ते ४ टक्के. १० टक्क्यांसाठी रचून २० साठी जुळवलेल्या चारचाकींत घट १ ते २ टक्केच.

पावसाळ्यात इथेनॉल आणखी एक कुरापत काढतं. नुसत्या पेट्रोलच्या टाकीत पाणी शिरलं तर ते तळाशी वेगळं बसायचं. इथेनॉल मात्र पाणी ओढून घेतं, आणि ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी व इथेनॉल दोन्ही मिळून तळाशी उतरतात. जोरदार पावसानंतर एखाद्या पंपावरून निघालेल्या गाड्या पुढच्या चौकात एकापाठोपाठ बंद पडतात, त्याचं कारण बहुधा त्या पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत असतं, छतावरच्या नावात नाही.

‘डेन्सिटी जास्त, म्हणजे पेट्रोल चांगलं’

पंपावर घनतेचा आकडा दिसतो, म्हणून लोक तो परीक्षेच्या गुणांसारखा वाचतात. मानकाप्रमाणे १५ अंश तापमानाला पेट्रोलची घनता घनमीटरला ७२० ते ७७५ किलो चालते. या पट्ट्यात वर असणं हे चांगलं नाही आणि खाली असणं वाईट नाही. उलट रॉकेल पेट्रोलपेक्षा जड असतं, त्यामुळे रॉकेलची भेसळ झाली तर घनता वाढेल! पाहायचं असतं ते वेगळंच: डेपोतून निघताना टँकरच्या चलनावर लिहिलेला आकडा आणि पंपावरचा आकडा यांत ३ पेक्षा जास्त फरक आहे का. फरक मोठा असेल तर माल वाटेत बदललेला असू शकतो.

वाटेत काय होऊ शकतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. मनमाडजवळ टँकरमधली इंधनचोरी आणि भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी जिवंत जाळण्यात आलं. डेपोच्या फाटकातून नीट बाहेर पडलेल्या पेट्रोलचा धंदा पुढे कोण आणि कसा करतं, हा प्रश्न कोणत्याही एका कंपनीपुरता नाही. म्हणून मी कंपनी निवडत बसणार नाही, पंप निवडेन: खप भरपूर असलेला, म्हणजे टाकीतला माल जुना न होणारा, आणि पावती मागितल्यावर तोंड वाकडं न करणारा.

दोन कंपन्यांचं पेट्रोल एका टाकीत मिसळलं तर? काही होत नाही. पहाटे थंड पेट्रोल जास्त मिळतं? टाकी जमिनीखाली असते, तिचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. शंभराऐवजी एकशे दहाचं घेतलं तर मापात पाप होत नाही? यंत्राला आकड्याशी देणंघेणं नसतं. फेरफार झालेला असेल तर तो १०० लाही होतो आणि ११० लाही.

मापाची शंका आलीच तर तिचा इलाज पंपावरच असतो. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप तिथे ठेवावं लागतं, आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. ५ लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. भेसळीच्या शंकेसाठी फिल्टर पेपरही मागता येतो: त्यावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर डाग राहायला नको. मागच्या रांगेतून हॉर्न वाजतील, ते वाजू द्यावेत.