रविवारची कॉफी आणि घरची मार्था

रविवारच्या पवित्र मिस्सेस घरातील सर्व मंडळी येतात, मात्र गृहिणी घरीच राहते, असे पुष्कळदा आमच्या पाहण्यात येते. कारण विचारावे, तर परतल्यावर सर्वांस न्याहारी लागते, असे उत्तर मिळते. बेथानीच्या मार्थेचीही हीच अडचण होती. तिचे एक काम तरी हलके करणारे साधन आमच्या बेळगावकडील अनेक घरांत असते. ते म्हणजे कॉफीचा फिल्टर.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी पितळेची अथवा स्टीलची दोन भांडी. वरच्या भांड्याच्या तळास बारीक छिद्रे असतात. चौघांसाठी त्यात चार मोठे चमचे कॉफीची पूड घालून ती दांडीच्या चकतीने हलकेच दाबावी. पूड अति बारीक नसावी, नाहीतर छिद्रे बुजतात. उकळून किंचित निवलेले पेलाभर पाणी चकतीवरून सावकाश ओतावे, झाकण ठेवावे, शेगडी बंद करावी आणि खुशाल देवळाची वाट धरावी. खालच्या भांड्यात थेंबथेंब डिकॉक्शन उतरण्यास अर्धा तास अथवा त्याहून अधिक वेळ लागतो. पुडीत चिकोरी असल्यास आणखी थोडा. घाईने भांडे ठोकल्यास गाळ खाली येतो. परतल्यावर केवळ दूध तापवावे व एक भाग डिकॉक्शनमध्ये तीन भाग दूध घालावे. डिकॉक्शन पुन्हा उकळू नये. त्याने कडवटपणा येतो.

“फादर, कॉफी घेऊनच मिस्सेस आलो तर?” असेही कोणी विचारतात. पाण्याने उपवास मोडत नाही, असे पोप बारावे पायस यांनी १९५३ साली ठरविले. पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली उपवासाची मुदत कम्युनियनपूर्वी एक तास केली. आजही नियम तोच आहे. त्या तासात पाणी व औषध चालते, कॉफी चालत नाही. वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे यांना मात्र सवलत आहे.

तेव्हा यजमानहो, फिल्टरमध्ये पाणी ओतणे व दूध तापविणे ही कामे आपणांसही जमण्याजोगी आहेत. प्रभूच्या चरणांशी बसण्याचा मान मरियेइतकाच मार्थेचाही आहे. येत्या रविवारी तिला आपल्याबरोबर घेऊन या.