इंजेक्टर मोठे, डोकेदुखी त्याहून मोठी!

गाडीचं वेड असलेल्या पोरांना ‘सिटी व्हीटेक’ म्हटलं की डोळ्यांत चमक येते. २००० साली आलेली ही होंडा, १.५ लिटरचं इंजिन, १०६ अश्वशक्ती. त्या काळी ती साहेबांची गाडी होती, आता आयटीतल्या तरुणांचं वीकेंडचं खूळ झालीय. आमच्या ग्रुपमधल्या एकाकडे तर त्याच्या बाबांनी नवी घेतलेली आहे, मूळ इंजिनासकट. यंदा बोनस आला, तो एसआयपीत टाकायचा सोडून पठ्ठ्यानं तिला टर्बो बसवला आणि जोडीला मोठे इंजेक्टर! ‘आता बघ रॉकेट’ असा मेसेज आला. प्रत्यक्षात रॉकेट सिग्नलला बंद पडत होतं, मागून काळा धूर सोडत होतं आणि आत बसलं की पेट्रोल पंपावर उभं असल्यासारखा वास. बाबांनी एकच प्रश्न विचारला, ‘अरे, माझ्या गाडीला केलंस तरी काय?’

म्हणून आम्ही दोघं एका शनिवारी ट्यूनरच्या गॅरेजात. मला आधी वाटायचं, मोठा इंजेक्टर म्हणजे जास्त ताकद. साफ चूक, असं पहिल्या पाच मिनिटांत कळतं. ताकद हवेतून येते. टर्बो जास्त हवा कोंबतो, तिला पुरेल एवढं पेट्रोल द्यायला इंजेक्टर मोठा लागतो, बस्स. ६००० आरपीएमला इंजिनाची एक पूर्ण फेरी, म्हणजे चारही स्ट्रोक, २० मिलिसेकंदांत उरकतात. इंजेक्टर त्यातला ८०-८५ टक्के वेळ उघडा राहायला लागला की समजायचं, हा आता पुरत नाही.

गोची अशी, की गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, तुम्ही काय बदललंय ते ठाऊकच नसतं. चहात दोन चमचे साखर टाकायची सवय असलेल्या माणसाच्या हातात कुणीतरी गुपचूप डाव दिला तर? तो बिचारा मोजून दोनच टाकणार! इथंही तेच. जादा पेट्रोल प्लग काळे करतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि पीयूसीला नापास करतं ते वेगळंच.

‘मग आकडा बदलायचा की,’ मी शहाणपणा केला. समजा, जुना इंजेक्टर मिनिटाला २४० सीसी सोडायचा, नवा ४४० सोडतो. २४० भागिले ४४०, म्हणजे ०.५४५. सगळीकडे गुणून टाका, काम झालं!

ट्यूनर हसले. ‘मॅडम, गाडी पळवणं सोपं आहे. उभी ठेवणं अवघड.’

मग त्यांनी एका जुन्या बिलाच्या मागे हिशेब मांडला. करंट मिळाल्यावर इंजेक्टर लगेच उघडत नाही, साधारण एक मिलिसेकंद नुसता तयारीत जातो. याला म्हणतात डेड टाइम. आयडलला जुन्या इंजेक्टरचा पल्स अडीच मिलिसेकंद धरला, तर खरं पेट्रोल पडतं दीड मिलिसेकंदच. नव्याला हेच पेट्रोल द्यायला ०.८२ लागतात, अधिक डेड टाइम, मिळून १.८२. माझ्या शॉर्टकटनं उत्तर येतं १.३६. त्यातून एक वजा केला की उरले ०.३६, म्हणजे गरजेच्या निम्मंसुद्धा नाही. गाडी उपाशी आणि सिग्नलला ठप्प!

बरं, हा डेड टाइम बॅटरीच्या व्होल्टेजनुसार बदलतो. १४ व्होल्टला एक असेल तर १२ ला वाढतो. ‘एसी लाव. हेडलाइट लाव. आता फॅन चालू होऊ दे,’ ट्यूनर सांगत गेले आणि मित्र बटणं दाबत गेला. प्रत्येक बटणाला आयडल दचकायचं, लॅपटॉपवर एक आकडा बदलला की शांत व्हायचं. तासभर हेच चाललं होतं. वर मित्राचा हट्ट, की एसी ठेवणारच!

दुपारनंतर गाडी रोलरवर चढली. सायलेन्सरमध्ये वाइडबँड सेन्सर, स्क्रीनवर हवा-पेट्रोलचं प्रमाण. शुद्ध पेट्रोलला आदर्श १४.७ ला १, पण आपल्याकडचं ई२० साडेतेराच्या आसपास येतं. म्हणून हे लोक ‘लॅम्डा’त बोलतात. आदर्श मिश्रण म्हणजे लॅम्डा एक, इंधन कुठलंही असो. आरामात चालवताना एक, टर्बो जोरात असताना ०.८ च्या जवळ. जोरात असताना पेट्रोल कमी पडलं तर नॉकिंग सुरू होतं, आणि ते पिस्टन फोडायला वाट बघत नाही.

स्वस्तातला एक जुगाडही मिळतो. सेन्सरचा सिग्नल कमी करून ईसीयूला फसवायचं, म्हणजे तो पेट्रोल कमी सोडतो. पण मग त्याला वाटतं इंजिनावर भार कमी आहे, आणि तो स्पार्क लवकर देतो. पेट्रोल जमलं, टायमिंग बोंबललं! मित्रानं आधी नेमका हाच डबा बघून ठेवला होता. ट्यूनरनी स्वतंत्र ईसीयूशिवाय हात लावणार नाही म्हणून सांगितलं. मला ते पटलं. बाबांचं मूळ इंजिन दुसरं मिळत नाही.

आणि कायद्याचं काय? तो तुमच्या बाजूचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद घालायची तयारीही ठेवा. मित्रानं शेवटी ठरवलंय, गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. फ्लॅटबेडवर टाकून थेट चेन्नईजवळच्या ट्रॅकवर. (एसी कशाला, ते आत्ता कळलं. चेन्नईच्या उन्हात रांगेत उभं राहायचंय!)

संध्याकाळी सातला गाडी मऊसूत उभी होती. चावी मागितली तर ट्यूनर म्हणाले, ‘आज नाही मिळणार. इंजिन रात्रभर थंड होऊ दे. गार इंजिनाचा स्टार्ट दिवसातून एकदाच तपासता येतो. उद्या सकाळी सहाला या.’ रविवारी, सकाळी सहाला! मित्र लगेच हो म्हणाला. वर म्हणतो, बाबा पण येणार आहेत.