पारख – लेखांक १४ : शेवंड प्रवास सोसेल का?

मागच्या लेखांकात पेटीतला हापूस पाहिला. तो झाडावरून उतरल्यावर पिकतो, त्यामुळे प्रवासात त्याचं थोडं भलंच होतं. शेवंडीचं तसं नाही. ती पाण्याबाहेर आली, की त्या क्षणापासून तिची उतरणच सुरू होते. व्यापाऱ्याला ओळखायचं असतं ते एवढंच, की ही उतरण कुठवर आली आहे.

गणेश पेठेच्या मासळी बाजारात पुणेकराला शेवंड दिसते ती बर्फावर, मेलेली. जिवंत येते ती चिंबोरी, नांग्या दोरीने बांधलेली. कोकण किनाऱ्यावरची धडधाकट शेवंड विमानाने परदेशी जाते, कारण जिवंत मालाचा भाव मेलेल्याच्या कितीतरी वर असतो. यात नुसती हौस नाही. शेवंड मेली की डोक्याच्या भागातल्या पाचक ग्रंथीचे रस शेपटीच्या मांसावर काम करू लागतात आणि घट्ट, गोडसर मांस पिठूळ होतं. बर्फ हे काम लांबवतो, थांबवत नाही.

म्हणून ‘जिवंत आहे का?’ हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. जाळ्यातून सोडवलेल्या बहुतेक शेवंडी जिवंतच असतात. त्यातली कुठली उद्या संध्याकाळी जिवंत असेल, हे आज बोटीवर किंवा धक्क्यावर ठरवावं लागतं.

जाणकार माणूस शेवंड मिशांना धरून उचलत नाही. मिशी तुटली की भाव पडतो, शिवाय तिथून रक्तही जातं. तो पाठीचं कवच दोन्ही बाजूंनी पकडतो आणि वर उचलतो. चांगली शेवंड लगेच शेपटी पोटाखाली फटाफट आपटते, पाय झाडते आणि मिशांच्या बुडाशी करकर आवाज काढते. मिशीचं बूड डोळ्यांखालच्या खरबरीत पट्टीवर घासून निघणारा हा आवाज तिचं शत्रूला घाबरवण्याचं हत्यार आहे. शेपटी नुसती खाली लोंबली, मिशा पडल्या, पाय हलले पण जोर नाही, तर तो माल वेगळ्या टोपलीत जातो. तो आजच मारायचा आणि बर्फात घालायचा.

ही परीक्षा पुन्हापुन्हा घेऊ नये. शेपटीचा प्रत्येक फटका प्राणवायूशिवाय मारलेला असतो; त्याची भरपाई नंतर करावी लागते. पाण्याबाहेर कल्ले एकमेकांना चिकटतात, प्राणवायू नीट मिळत नाही, अंगात आम्ल साचतं. एरवी कल्ल्यांवाटे पाण्यात जाणारा अमोनियाही आतच राहतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘बघा कशी उडते’ म्हणून दाखवलेली शेवंड टाकीपर्यंत पोचते तेव्हा निम्मी संपलेली असते.

दुसरी परीक्षा अंगठ्याची. पाठीच्या कवचाची बाजू हलकेच दाबायची. दबली तर शेवंडीने नुकतीच कात टाकलेली आहे. आकाराने भरीव दिसली तरी आत मांस कमी, पाणी जास्त. असा माल प्रवासात सगळ्यात आधी दगावतो. एखाददुसरा पाय तुटका असला तर चालतं, तो पुढच्या कातींबरोबर पुन्हा येतो. पण सांध्यातून रक्त झिरपत असेल तर नाही. हे रक्त लाल नसतं. त्यात तांब्याचं द्रव्य असल्याने हवा लागली की ते निळसर दिसतं आणि घाईत सहज नजरेतून सुटतं.

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर व्यापारी याच्याही पुढे जातात. पायाच्या बुडातून सुईने रक्ताचा थेंब काढून रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवतात. नारायणगावच्या द्राक्षबागायतदाराला हे उपकरण नवं नाही. तो त्यावर मण्यातली साखर ब्रिक्समध्ये मोजतो, इथे रक्तातल्या प्रथिनांचा अंदाज येतो. कात टाकून फार दिवस न झालेल्या, अशक्त शेवंडीचा आकडा कमी. एका थेंबात अंगठ्याच्या परीक्षेचा निकाल पक्का होतो.

निवडलेली शेवंड लगेच खोक्यात भरत नाहीत. आधी खेळत्या हवेच्या समुद्री पाण्यात ठेवतात. तिथे ती साचलेला अमोनिया भराभर सोडते, म्हणून पहिलं पाणी लवकर बदलावं लागतं. एकदोन दिवस उपाशी ठेवून पोट रिकामं करतात आणि मग सावकाश गार करतात. आपल्याकडच्या शेवंडीला साधारण १२ ते १५ अंश पुरतात. गारव्याने तिची प्राणवायूची गरज घटते. इथे एक गोम आहे. गार झाल्यावर धडधाकट शेवंडही मरगळलेली दिसते, त्यामुळे निवड आधीच झालेली हवी. थर्माकोलच्या खोक्यात ओलसर, थंड भुशात शेवंडी आणि सोबत बंद बाटल्यांतला बर्फ. उघडा बर्फ कधीच नाही, कारण वितळलेलं गोडं पाणी कल्ल्यांत शिरलं तर शेवंड त्यानेच मरते.

किनाऱ्यापासून घाट चढून आलेल्या चिंबोरीवर हीच पारख वापरता येते. काडीने डोळ्याला हलकेच स्पर्श करा. डोळा झटकन खाचेत गेला पाहिजे. खालच्या बाजूने पायांच्या बुडाजवळ दाबा. दबली तर पोकळ. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागली पाहिजे. बांधलेल्या नांग्या सैल लोंबत असतील तर विक्रेता काहीही म्हणो, ती घेऊ नका.

एक पारख मात्र प्रवासाची नाही. मुंबईच्या ट्रॉलरांना एके काळी चपट्या, चपलेसारख्या शेवंडीचा चांगला माल मिळे. बेसुमार मासेमारीने १९९४ पर्यंत तो धंदाच बसला. २००३ साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजनं ठरवली: आपल्या नेहमीच्या काटेरी शेवंडीला ३०० ग्रॅम, चपटीला १५० ग्रॅम. पुण्यात शेवंड घेताना वजन करून घ्या, ३०० ग्रॅमच्या आतली नको म्हणा. आणि उलटी करून पाहा. शेपटीखाली नारिंगी किंवा तपकिरी अंड्यांचा घोस असेल तर ती मादी विकत घेऊ नका, का घेत नाही तेही विक्रेत्याला सांगा.

पुढच्या आठवड्यात : गुळाची ढेप.