इझ्माइलोवो : लांब होतं म्हणून टिकलं

मॉस्कोच्या पूर्व भागात पार्तिझान्स्काया मेट्रो स्थानकातून वर आलं की समोरच तीसेक मजल्यांचे उंच मनोरे दिसतात. हेच इझ्माइलोवो हॉटेल. १९८० च्या ऑलिम्पिकसाठी ते बांधलं, तेव्हा दहा हजार पाहुण्यांची सोय होईल असा त्याचा आवाका होता. पुढे कितीतरी वर्षं जगातलं सर्वांत मोठं हॉटेल म्हणून त्याचं नाव घेतलं जाई. आल्फा, बेटा, वेगा, गामा, डेल्टा अशी इमारतींची नावं. क्रेमलिन इथून आठ-दहा किलोमीटरवर. प्रवासाची माहिती देणाऱ्या पुस्तकांत त्याच्यापुढे हमखास ‘स्वस्त, पण लांब’ असा शेरा असतो. मला मात्र हे लांब असणंच त्याचं मोठं भाग्य वाटतं.

१९७४ मध्ये ऑलिम्पिकचा मान मॉस्कोला मिळाला आणि शहरात बांधकामांची एकच धांदल उडाली. इझ्माइलोवोला हॉटेल उभं राहिलं. भारोत्तोलनाच्या स्पर्धाही याच भागातल्या क्रीडागृहात झाल्या. पण १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, अमेरिकेने बहिष्कार पुकारला आणि शेवटी ८० देशांचेच संघ आले. भारत त्यांत होता. हॉकीच्या अंतिम सामन्यात आपण स्पेनला ४-३ असं हरवलं. ऑलिम्पिकमधलं आपलं हॉकीचं आठवं सुवर्णपदक ते हेच.

खेळ दोन आठवड्यांत आटोपले. एवढ्या खोल्यांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मात्र पडला नाही. परदेशी पाहुण्यांची सरबराई ‘इंतुरिस्त’ ही सरकारी संस्था करायची. आपल्याच देशात फिरणाऱ्या सोव्हिएत नागरिकांचा मोठा भार कामगार संघटनांच्या पर्यटन विभागावर असे. कारखान्यातल्या कामगाराला संघटनेकडून सवलतीची पुत्योव्का, म्हणजे राहण्या-जेवण्यासकटचं सहलीचं पत्र मिळायचं. उरलच्या पोलाद कारखान्यातलं किंवा उझबेकिस्तानातल्या कापसाच्या शेतावरचं माणूस राजधानी पाहायला आलं, तर त्याला परवडेल असं छप्पर हवं. मोठी हॉटेलं त्या हिशेबाने बांधली जात. झुंबरं आणि संगमरवर हे त्यांचं काम नव्हे. जास्तीत जास्त माणसांना स्वच्छ पलंग, गरम पाणी आणि सकाळचा नाश्ता मिळावा, हे त्यांचं काम.

त्या काळच्या खोलीची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखे दरवाजे. आत दोन अरुंद पलंग, मध्ये छोटं टेबल, भिंतीतलं कपाट. खिडकीला दुहेरी काचा, आणि मोठ्या तावदानात वरच्या कोपऱ्यात वेगळी उघडणारी एक लहान झडप : फोर्तोच्का. खिडकीखाली लोखंडी रेडिएटर. मॉस्कोत उष्णता घरोघरी तयार होत नाही. शहराच्या औष्णिक केंद्रांतून गरम पाणी जमिनीखालच्या नळांनी इमारतींपर्यंत येतं. शरद ऋतूत सलग पाच दिवस सरासरी तापमान ८ अंशांखाली राहिलं की घरांची उष्णता सुरू करायची, असा दंडक आहे. जुन्या रेडिएटरला कमी-जास्त करायची कळ नसे. बाहेर उणे १५ आणि खोलीत घाम, अशी गत झाली की फोर्तोच्का उघडायची. गार हवेची बारीक धार डोक्यावरून खोलीभर पसरते आणि काही मिनिटांत जीव निवतो. साधी झडप, पण त्या सगळ्या व्यवस्थेचं नियंत्रण तिच्याकडे.

प्रत्येक मजल्यावर देझुर्नाया असे. बोळाच्या तोंडाशी टेबल मांडून बसलेली ही बाई बाहेर जाताना किल्ली ठेवून घेई आणि परतल्यावर देई. कोण आलं, कोण गेलं याची तिला खडान्‌खडा माहिती. पाहुण्यांवर नजर ठेवणं हा तिच्या कामाचा भाग होताच; पण जास्तीची चादर, चहाला उकळतं पाणी, शिवायला सुई-दोरा या गोष्टीही तिच्याकडेच मिळत. आता किल्लीच्या जागी प्लास्टिकचं कार्ड आलं, खोल्या नव्याने सजल्या, इमारतींचा कारभार वेगवेगळा झाला. मूळचा हिशेब मात्र बदललेला नाही : खोल्या पुष्कळ, म्हणून दर आवाक्यात.

आता अंतराचं. पार्तिझान्स्कायाहून निळ्या मार्गावरचं पाचवं स्थानक प्लोश्चद रेवोल्युत्सिई, म्हणजे लाल चौकाच्या दारात. वेळ पाव तासाच्या आसपास. गर्दीच्या वेळी दीड-दोन मिनिटांना गाडी. पार्तिझान्स्कायाला दोन फलाटांच्या मध्ये एक जादा रूळमार्ग दिसतो. तीसच्या दशकात इथे एक प्रचंड स्टेडियम होणार होतं, त्याच्या गर्दीसाठी तो टाकला. युद्ध आलं, स्टेडियम राहून गेलं. स्थानक १९४४ मध्ये, युद्ध चालू असतानाच सुरू झालं. तिथे अठराव्या वर्षी फाशी गेलेल्या झोया कोस्मोदेम्यान्स्कायाचा आणि म्हातारपणी जर्मन तुकडीला चकवून नेणाऱ्या मात्वेई कुझ्मिनचा असे दोन पुतळे आहेत. ते मात्वेई मानिझर यांचे. प्लोश्चद रेवोल्युत्सिईच्या कमानींखालची ब्राँझची माणसंही त्यांचीच. तिथल्या सैनिकाच्या कुत्र्याचं नाक हात लावून लावून सोन्यासारखं चकाकतं. एका शिल्पकाराकडून निघून त्याच शिल्पकाराकडे पोहोचवणारा असा रोजचा प्रवास फार थोड्या हॉटेलांच्या वाट्याला आला असेल.

हॉटेलच्या अंगणातही पाहण्यासारखं खूप आहे. मागच्या तळ्यातल्या बेटावर झार अलेक्सेई मिखाइलोविचची जहागीर होती. तिथल्या कोठारात १६८८ मध्ये त्याचा मुलगा पीटर याला एक जुनी होडी सापडली आणि त्याच्या आरमाराच्या वेडाची सुरुवात झाली. पलीकडे वेर्निसाझचा लाकडी बाजार : मात्र्योश्का, समोवार, जुने कॅमेरे, सोव्हिएत पदकं. शनिवार-रविवारी तो गजबजतो. आणि रस्त्यापल्याड बर्च-पाइनचं खरंखुरं जंगल.

मध्यवर्ती मॉस्कोतल्या जुन्या हॉटेलांचं काय झालं? ‘इंतुरिस्त’ याच नावाचं हॉटेल २००२ मध्ये पाडायला घेतलं. ‘मोस्क्वा’ पाडून त्या जागी तशाच दर्शनी भागाचं महागडं हॉटेल उभं केलं. क्रेमलिनला खेटून असलेलं अवाढव्य ‘रोस्सिया’ २००६ मध्ये बंद झालं. तिथे आज झार्याद्ये बाग आहे. बाग सुरेख आहे, पण साध्या प्रवाशाचा मुक्काम तिथून उठला तो उठलाच. मध्यभागातल्या जमिनीची किंमत इमारतीहून मोठी झाली, आणि इझ्माइलोवो लांब असल्यामुळे त्या हावेपासून वाचलं.

मराठी माणसाने इथे उतरावं याला आणखी एक कारण आहे. अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहून तो देश त्यांनी आपल्या वाचकांना दाखवला. २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. पार्तिझान्स्कायाहून निघून कुर्स्कायाला गाडी बदलायची आणि एक स्थानक पुढे तागान्स्कायाला उतरायचं. तिथून ग्रंथालय चालत गाठता येतं. गिरणगावात घाम गाळलेल्या लेखकाला भेटायला कामगारांच्या हिशेबाने बांधलेल्या हॉटेलातून जावं, हे मला मनापासून योग्य वाटतं.

शहर सर्वांचं असेल तर त्यात सर्वांना मुक्काम करता आला पाहिजे. त्यासाठी खोली चौकात असावी लागत नाही. दाराशी भरवशाची गाडी लागते आणि बांधणाऱ्याच्या मनात साध्या माणसाचा विचार लागतो. इझ्माइलोवोत दोन्ही आहेत.