हॅरी क्लार्क : रंगीत काचेचा एक सचोटीचा कारागीर

व्यापारी मनुष्यास कलेशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी केल्यास त्यास इंदूरच्या काचमंदिराकडे बोट दाखवावे. सर सेठ हुकुमचंदजी हे कापसाच्या पेठेतील धुरंधर व्यापारी. परंतु त्यांच्या उदार हस्ते उभे राहिलेले ते जिनमंदिर आज त्यांच्या सौद्यांपेक्षा अधिक लोकांच्या स्मरणात आहे. भिंती, खांब, छत, जमीन, जिकडे पाहावे तिकडे काचच काच! आपल्या संघातील अनेक कुटुंबांनी तेथे दर्शनाचा लाभ घेतला असेल. परंतु ज्या कारागिरांच्या बोटांनी ती काच बसविली, त्यांची नावे आपणांपैकी किती जणांस सांगता येतील? करविणाऱ्याचे नाव राहते, करणाऱ्याचे लोपते, असा जगाचा सामान्य नियम दिसतो.

ह्या नियमास अपवाद ठरलेल्या एका काच-कारागिराची हकिकत ह्या लेखात सांगावयाची आहे. काचमंदिरातील काच प्रकाश परतवते. ह्याची काच प्रकाशास आपल्या अंगातून आरपार जाऊ देते व जाताजाता त्यास रंग देते. युरोपातील चर्चच्या खिडक्यांत अशी काच शेकडो वर्षांपासून बसविली जाते. हा कारागीर म्हणजे आयर्लंडच्या डब्लिन शहरातील हॅरी क्लार्क. त्याच्या कित्येक उत्तम कामांचे आश्रयदाते व्यापारीच होते, आणि त्याच्या आयुष्यातील शेवटचा मोठा व्यवहार प्रत्येक व्यापाऱ्याने विचार करावा असा आहे. म्हणूनच परदेशीचे हे चरित्र आपल्या स्मरणिकेत सादर करण्याचे धाडस केले आहे.

वडिलार्जित धंदा

हॅरी क्लार्क ह्याचा जन्म १७ मार्च १८८९ रोजी झाला. त्याचे वडील जोशुआ हे मूळचे इंग्लंडमधील लीड्सचे. डब्लिनला येऊन त्यांनी चर्चच्या अंतर्भागाच्या सजावटीचा धंदा थाटला व पुढे त्यास रंगीत काचेच्या कामाची जोड दिली. १९०३ साली हॅरीची आई वारली. लवकरच शाळेचे शिक्षण आटोपून मुलगा वडिलांच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. दिवसा कारखाना व रात्री कलाशाळा असा त्याचा प्रारंभीचा क्रम होता. तेथे आल्फ्रेड चाइल्ड ह्या निष्णात शिक्षकाच्या हाताखाली त्याने काचकामाचे धडे घेतले आणि विद्यार्थिदशेतच राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदके मिळविली. १९१४ मध्ये शिष्यवृत्तीच्या आधारे फ्रान्सला जाऊन त्याने शार्त्र येथील मध्ययुगीन खिडक्या पाहिल्या. त्याच वर्षी मार्गारेट क्रिली ह्या चित्रकर्तीशी त्याचा विवाह झाला.

पुष्कळ व्यापारी घराण्यांत असे दिसते की, मुलगा धंदा सांभाळतो, परंतु वाढवीत नाही. किंवा शिकून मोठा होतो व वडिलांच्या दुकानाकडे पाठ फिरवितो. हॅरीने दोन्ही टाळले. तो वडिलांच्याच कारखान्यात राहिला व त्या कारखान्याच्या नावास कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. १९२१ साली वडील निवर्तल्यावर त्याने व त्याचा भाऊ वॉल्टर ह्याने मिळून कारभार हाती घेतला.

काच कशी बोलते

रंगीत काचेची खिडकी म्हणजे काचेवर रंगविलेले चित्र, असा आपला समज असतो. वस्तुतः काच भट्टीत तयार होतानाच धातूंच्या भस्मांमुळे रंगीत झालेली असते. कोबाल्टने निळी, सोन्याने गुलाबी-लाल, तांब्याने लाल अथवा हिरवी. कारागीर प्रथम लहान नमुना काढतो. गिऱ्हाइकास तो पसंत पडला म्हणजे खिडकीच्या पूर्ण मापाचे रेखाटन होते. त्यावरून प्रत्येक तुकड्याचा आकार ठरतो व हिरकणीने अथवा पोलादी चाकाने काच कापली जाते. चेहरा, बोटे, वस्त्राच्या चुण्या इत्यादी बारकावे लोहभस्म व काचेची पूड ह्यांच्या काळसर रंगाने काढून ते तुकडे सुमारे ६५० अंश सेंटिग्रेड उष्णतेत भाजतात. मग तो रंग काचेशी एकजीव होतो. चांदीचा क्षार लावून भाजल्यास पांढऱ्या काचेवर पिवळी झाक उमटते. अखेरीस दोन्ही अंगांस खाच असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवून सांध्यांना डाख देतात व फटींत खडूची पूड आणि जवसाचे तेल ह्यांची लांबी भरतात. एवढे सर्व झाल्यावर खिडकी पाऊस-वाऱ्यास तोंड देण्यास सिद्ध होते.

क्लार्कचे वैशिष्ट्य ह्याच्याही पुढे होते. फिक्या काचेवर गडद रंगाचा पातळ थर असलेली दुपदरी काच घेऊन, हायड्रोफ्लोरिक आम्लाने वरचा थर कमीजास्त खाववून एकाच तुकड्यात तो अनेक छटा काढी. कधी अशा दोन काचा एकमेकींवर ठेवून, निळ्यावर तांबडी अशी जोडी जमवून, रत्नासारखी खोली साधी. काळा रंग सुईने ओरखडून तो केसाएवढ्या बारीक प्रकाशरेषा उमटवी. हे आम्ल कातडी व हाडे जाळणारे असून त्याच्या वाफा फुफ्फुसांस अपायकारक असतात. क्लार्कची छाती मुळातच दुबळी होती.

व्यापाऱ्यांचा आश्रय

कॉर्क शहरातील होनन हे धनिक व्यापारी घराणे होते. त्या घराण्यातील शेवटच्या इसाबेला होनन १९१३ साली निधन पावल्या. त्यांच्या मृत्युपत्रातील द्रव्यातून तेथील विद्यापीठाच्या आवारात एक लहान चर्च बांधण्यात आले व ५ नोव्हेंबर १९१६ रोजी त्याची विधिपूर्वक प्रतिष्ठापना झाली. तेथील एकोणीस खिडक्यांपैकी अकरा खिडक्यांचे काम तरुण क्लार्ककडे आले. त्यांपैकी संत गोबनेट हिची खिडकी विशेष नावाजलेली आहे. ही साध्वी मधमाश्यांची रक्षणकर्ती मानली जाते. म्हणून खिडकीभर पोळ्याच्या षट्कोनांची गुंफण असून, दरोडेखोरांवर तुटून पडणाऱ्या माश्याही दिसतात.

ह्या खिडक्यांची एक गोष्ट आम्हां धान्यवाल्यांस विशेष लागू पडते. उंचावरील तुकड्यांतही जमिनीवरून डोळ्यास दिसणार नाही अशी नक्षी क्लार्कने तितक्याच निष्ठेने भरली आहे. पोत्याच्या तोंडाशी टपोरा दाणा व तळाशी खडे-माती, असा व्यवहार बाजारात नवा नाही. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे व भेसळ ह्यांची स्पष्ट गणना आहे. गिऱ्हाइकाची नजर जेथे पोहोचत नाही तेथेही माल तोच द्यावा, हे व्रत त्या परधर्मीय कारागिराने आपल्या हातांनी पाळले.

पुढे बिस्किटांच्या कारखान्यामुळे प्रसिद्ध असलेल्या जेकब घराण्यातील हॅरॉल्ड जेकब ह्याने घरगुती खिडकीसाठी त्यास काम दिले. कीट्स कवीच्या संत ॲग्नेसविषयीच्या काव्यावरील ती खिडकी १९२४ साली पूर्ण झाली. आज ती डब्लिनच्या ह्यू लेन कलादालनात आहे. डब्लिनच्या ग्राफ्टन रस्त्यावर चहा-कॉफीचे व्यापारी असलेल्या बेवली ह्यांच्या उपाहारगृहातही क्लार्कच्या खिडक्या बसल्या. चहा घेणारे सामान्य गिऱ्हाईकही उत्तम कलेच्या प्रकाशात बसावे, ही कल्पना व्यापाऱ्यासच सुचू शकते.

ह्या कामांबरोबरच तो पुस्तकांसाठी चित्रे काढी. अँडरसनच्या परीकथा १९१६ मध्ये व एडगर ॲलन पो ह्याच्या कथा १९१९ मध्ये त्याच्या चित्रांसह प्रसिद्ध झाल्या. १९१६ च्या डब्लिन उठावातील आगीत त्याच्या एका पुस्तकाचे ठसे जळून गेले. क्लार्कने मात्र हात आखडला नाही. वॉल्टरच्या साहाय्याने त्याच्या कारखान्यातून एकशे तीसहून अधिक खिडक्या बाहेर पडल्या. त्यांपैकी काही सर्वस्वी त्याच्या हातच्या, तर काही त्याच्या देखरेखीखाली सहायकांनी केलेल्या आहेत.

दाम दिले, माल उचलला नाही

१९२२ साली स्वतंत्र झालेल्या आयरिश सरकारने जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीस भेट देण्यासाठी एक खिडकी क्लार्ककडे सोपविली. तत्कालीन पंधरा आयरिश साहित्यिकांच्या कृतींतील प्रसंग त्याने निवडले. शॉ, येट्स, सिंग, जॉइस हे सर्व त्यांत होते. निवडीच्या बाबतीत त्याने खुद्द येट्सचा सल्ला घेतला होता. मध्यंतरी क्षयाने त्यास गाठले. १९२९ मध्ये तो स्वित्झर्लंडच्या डाव्होस येथील आरोग्यधामात जाऊन राहिला. १९३० मध्ये परतून त्याने काम पुरे केले, त्याच वर्षी भाऊ वॉल्टर निवर्तला. धंद्याचा भार, भावाचा वियोग व पोखरलेली फुफ्फुसे, अशा स्थितीत ती खिडकी सिद्ध झाली.

सरकारचे प्रमुख कॉसग्रेव्ह ह्यांनी ती पाहिली आणि आक्षेप घेतला. लिअम ओफ्लाहर्टीच्या कादंबरीवरील एका तुकड्यात झिरझिरीत वस्त्रातील नर्तकी व तिच्याकडे पाहणारा मद्यपी दाखविला होता. असे चित्र आयर्लंडच्या साहित्याचे प्रतीक म्हणून पाठविल्यास अनेकांच्या भावना दुखावतील, असे त्यांचे म्हणणे पडले. तो आक्षेप सर्वस्वी निराधार होता, असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही. सरकारास लोकमत सांभाळावे लागते, आणि शीलाविषयी दक्ष असणाऱ्या आपल्या समाजास त्यांची अडचण सहज समजेल. परंतु नमुना पाहण्याची वेळ मागणी नोंदविताना असते. माल तयार झाल्यावर नव्हे. बोलणी चालू असतानाच क्लार्कची प्रकृती ढासळली व तो पुन्हा डाव्होसला गेला. परदेशी मरण येऊ नये म्हणून तो घराकडे निघाला. परंतु ६ जानेवारी १९३१ रोजी वाटेत खूर येथे त्याचा अंत झाला. वय अवघे एकेचाळीस.

सरकारने ठरलेले ४५० पौंड त्याच्या पत्नीस दिले. खिडकी मात्र जिनिव्हास कधीच गेली नाही. पुढे मार्गारेटने तितकीच रक्कम भरून ती परत घेतली. वर्षे लोटली आणि अखेर ती समुद्रापलीकडे अमेरिकेत गेली. मायामी बीच येथील वुल्फसोनियन संग्रहालयात ती आहे. ज्या देशाच्या अभिमानासाठी ती घडविली, त्या देशातील लोकांस ती पाहावयास आज महासागर ओलांडावा लागतो!

खूर येथील थडग्याचीही अशीच कथा आहे. पंधरा वर्षांनंतर थडगे राखण्याची हमी कुटुंबाने द्यावी, असा तेथील नियम होता. तो कुटुंबास कळला नाही, आणि १९४६ मध्ये त्याच्या अस्थी सामुदायिक जागेत हलविण्यात आल्या. कारखाना मात्र मार्गारेटने धैर्याने पुढे चालविला. तो १९७३ पर्यंत टिकला.

आपणांस काय घ्यावयाचे

वहीखाते पाहू गेल्यास सरकारचा व्यवहार चोख होता. जमेस जमा, नावे नावे, बाकी शून्य. तरीही काहीतरी देणे राहून गेले, असे प्रत्येक सहृदय वाचकास वाटेल. कारागिरास दामाइतकीच आपले काम आपल्या जागी लागलेले पाहण्याची भूक असते. होनन, जेकब, बेवली ह्यांनी दाम दिले, विश्वासही दिला, आणि कामास जागा दिली. म्हणून त्यांची नावे त्याच्या नावाबरोबर घेतली जातात.

आपला समाज दानशूर आहे. मंदिरांचे जीर्णोद्धार, धर्मशाळा, मंगल कार्यालये, वसतिगृहे ह्यांची कामे गावोगावी सतत निघतात. अशा वेळी सर्वांत कमी दराचे टेंडर एवढाच निकष न ठेवता, चांगला कारागीर शोधावा; नमुना आधीच नीट पाहून मनातील शंका बोलून टाकाव्यात; एकदा होकार दिला की, मग त्यास पुरता वेळ द्यावा व आपला शब्द राखावा. आणि देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर, अगदी तळाशी का होईना, एक ओळ काम करणाऱ्याच्या नावाची कोरावी. त्या एका ओळीस फार खर्च येत नाही. परंतु पन्नास वर्षांनी कोणी नातवंड वर पाहून "हे कोणी केले?" असे विचारील, तेव्हा त्यास उत्तर मिळेल.