चार ओळींची चिठ्ठी

पळस्प्याला माझी थोरली बहीण राहते. मुंबईकडून येणाऱ्या रस्त्याला तिथे फाटा फुटतो. एक वाट पुण्याकडे जाते, दुसरी गोव्याकडे. रात्रंदिवस ट्रकांची वर्दळ. दाजी स्वतः ट्रकचालक. तेव्हा भाचा संगणकावरही ट्रकच हाकतो, याचे नवल वाटायला नको.

त्या खेळाचे नाव 'युरो ट्रक सिम्युलेटर २'. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअर कंपनीने तो २०१२ साली आणला. मूळ रस्ते युरोपातले. पण हौशी मंडळींनी त्यासाठी आपल्याकडच्या गाड्याही तयार केल्या. बाहेरून जोडायच्या अशा भागांना 'मॉड' म्हणतात. भाच्याने ते डझनभर जोडले आणि जुना लॅपटॉप धापा टाकू लागला. दुकानदाराने नवा घ्यायला सांगितले. दाजी हप्त्यांचा हिशेब मांडू लागले, तेव्हा ताईने मला बोलावले.

पडद्यावर हलताना दिसते ती खरे तर स्थिर चित्रांची माळ असते. सेकंदाला तीसएक चित्रे मिळाली, की खेळ सुरळीत वाटतो. आता पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा असेल, तर प्रत्येक चित्रासाठी २० लाख ७३ हजार ६०० ठिपके रंगवायचे. तेच १२८० गुणिले ७२० केले, तर ९ लाख २१ हजार ६००. काम निम्म्याहून कमी झाले! सावल्या, गवत, झाडे यांचेही तसेच. गाडीच्या आरशांचे तर विशेष आहे. आरशात मागचा रस्ता दिसायचा, म्हणजे तेच दृश्य दुसऱ्या बाजूने पुन्हा काढायचे.

या साऱ्या निवडी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. तिचे नाव कॉन्फिग डॉट सीएफजी. ती नोटपॅडमध्ये उघडता येते. एकेका ओळीत एक नाव आणि त्यापुढे एक आकडा. मात्र खेळ बंद करताना तो ही फाइल स्वतः पुन्हा लिहितो. म्हणून बदल करायचा तो खेळ बंद असताना.

मूळ फाइलीची प्रत आम्ही आधी बाजूला ठेवली. मग दोन प्रती केल्या, 'भारी' आणि 'हलकी'. हलकीत काय कमी करायचे, यावर वाद झाला. भाचा म्हणाला, "मामा, आरसे काढून टाकू." दाजी हसले. "आरशाशिवाय गाडी चालवतोस का? सावली काढ, सावलीवाचून काही अडत नाही." आरसे राहिले, फक्त थोडे धूसर केले.

रोज हाताने फाइली बदलायचा कंटाळा येतो. म्हणून चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला दिलेली कामांची चिठ्ठी. विंडोजमध्ये तिला बॅच फाइल म्हणतात. डॉसच्या काळापासून ती चालत आली आहे. आमच्या चिठ्ठीत एवढेच होते: खेळाच्या फोल्डरमध्ये जा, हलकी प्रत कॉन्फिगच्या जागी ठेव, काम झाल्याचे सांग, खेळ सुरू कर. मॉड नसतील तेव्हा भारी प्रतीची दुसरी चिठ्ठी.

तरी एक मॉड अडखळतच राहिला. त्याच फोल्डरमध्ये खेळ आपली रोजनिशी लिहितो. तीत त्या मॉडच्या नावापुढे चुकांची रांग लागली होती. तो काढून टाकला. बिघडलेला भाग आकडे बदलून सुधारत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. दुसऱ्याने दिलेली स्क्रिप्ट वाचल्याशिवाय चालवू नये. जी फाइल बदलू शकते, ती पुसूनही टाकू शकते. चिठ्ठी साध्या अक्षरांत असते. नोटपॅडमध्ये उघडा, ओळ न् ओळ वाचा, न कळलेली ओळ विचारून घ्या.

लॅपटॉप अजून तोच आहे. हप्ता वाचला, याचा ताईला आनंद. मला आनंद वेगळाच. यंत्र अडले, की नवे घ्यायच्या आधी त्याच्या पोटातली फाइल उघडून पाहावी, हे भाचा शिकला.